आठवड्याची काचपट्टी : शोक्लो मलेरिया संशोधन केंद्राची चाळीस वर्षे

थायलंडच्या ताक प्रांतात, म्यानमारच्या सीमेलगतच्या डोंगराळ जंगलपट्ट्यात शोक्लो नावाची, म्यानमारमधील करेन जमातीच्या निर्वासितांची छावणी होती. तेथे १९८६ साली मलेरिया संशोधन केंद्राचे काम सुरू झाले. २०२६ मध्ये त्याला चाळीस वर्षे पूर्ण होत आहेत. संस्थेचा वर्धापन साजरा करताना सहसा वास्तूंचा, देणग्यांचा आणि खाटांचा हिशेब मांडला जातो. या संस्थेबाबत तसा हिशेब मांडून काही हाती लागणार नाही. छावणीत पक्के बांधकाम करायला परवानगी नव्हती. ज्या छावणीचे नाव केंद्राने घेतले तीच पुढे उठली. रुग्ण पांगले, शिकवून तयार केलेले कर्मचारी दूरदेशी गेले, औषधे निकामी झाली. तरीही काम टिकले, वाढले आणि त्यातून निघालेल्या काही गोष्टी जगभरच्या उपचारपद्धतीत रुजल्या. हे कशामुळे घडले, हाच या इतिहासाचा गाभा आहे.

या लेखाचे म्हणणे थोडक्यात असे : छावणीच्या दवाखान्यात प्राण वाचवण्याचे सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे लहान सुधारणा. मात्र तिला तीन अटी आहेत. ती न चुकता व्हायला हवी, तिचा परिणाम लिहून ठेवायला हवा आणि ती छावणीतल्याच माणसांच्या हाती असायला हवी. यातली एक अट सुटली की ती चार दिवसांची मोहीम होते. तिन्ही पाळल्या की आठवड्याला एकदा बोटातून घेतलेला रक्ताचा थेंबही एका पिढीचे आयुष्य बदलू शकतो. चार दशकांची नोंद या दाव्याला आधार देते. दाव्याला कुठे मर्यादा पडतात, तेही ती नोंदच दाखवते.

१९८६ पूर्वी : सीमेवरचा तात्पुरता निवारा

करेन संघटना आणि रंगूनचे म्यानमार सरकार यांच्यातील सशस्त्र संघर्ष जानेवारी १९४९ मध्ये सुरू झाला. अनेक वर्षे त्याचा एक ठरलेला क्रम होता. कोरड्या ऋतूत सैन्य चढाई करी, लोक सीमेवरची नदी ओलांडून थायलंडमध्ये येत, पाऊस लागला की सैन्य मागे फिरे आणि लोक आपापल्या गावी परतत. १९८४ मध्ये हा क्रम मोडला. पावसाळा आला तरी सैन्य हटले नाही आणि सुमारे १०,००० करेन माणसे थायलंडच्या बाजूलाच राहिली. निर्वासितांबाबतच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर थायलंडने सही केलेली नाही. त्यामुळे या वस्त्या कागदोपत्री तात्पुरता निवाराच राहिल्या. बांबूच्या भिंती, पानांची छपरे आणि बाहेरून येणारा तांदूळ यांवर चालणाऱ्या या तात्पुरत्या वस्त्यांत पुढे दोन-तीन पिढ्या जन्मल्या आणि वाढल्या.

या भागातला मलेरिया दोन कारणांनी विशेष घातक होता. पहिले कारण औषधांचे. क्लोरोक्विन येथे केव्हाच निकामी झाले होते, त्याच्या जागी आलेली सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिनची जोडगोळीही पडत चालली होती. औषधांना दाद न देणारा फाल्सिपेरम जातीचा मलेरिया जगात ज्या भागांत सर्वाधिक फैलावला, त्यांत ही सीमा होती. दुसरे कारण रोगाच्या प्रसाराचे. आफ्रिकेतल्या अनेक भागांत माणसाला लहानपणापासून वारंवार मलेरिया होतो आणि मोठेपणी थोडीबहुत प्रतिकारशक्ती येते. या सीमेवर प्रसार कमी आणि अनिश्चित होता, म्हणून प्रौढांनाही ते संरक्षण नव्हते. झालेला प्रत्येक ताप जिवावर बेतू शकत होता, आणि गरोदर स्त्रीच्या बाबतीत तर दोन जिवांवर. केंद्र सुरू होण्याच्या सुमारास दर शंभर गरोदर स्त्रियांमागे साधारण एक मलेरियाने दगावत होती, असा अंदाज आहे.

१९८६ ते १९९५ : पहिले दशक

बँकॉकच्या महिडॉल विद्यापीठाचा उष्णकटिबंधीय वैद्यक विभाग आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्यात वेलकम ट्रस्टच्या साहाय्याने संशोधनाचे सहकार्य आधीच सुरू झाले होते. शोक्लोचे केंद्र त्याचीच सीमेवरची शाखा म्हणून उभे राहिले. या सहकार्यातील डॉ. निक व्हाइट यांचे मार्गदर्शन आणि 'एमएसएफ' या वैद्यकीय मदतसंस्थेबरोबर सीमेवर आधी काम केलेले फ्रेंच डॉक्टर फ्रान्स्वा नोस्तेन यांचे प्रत्यक्ष नेतृत्व केंद्राला लाभले. ही नावे सर्वत्र छापली जातात आणि ते योग्यच आहे. पण सूक्ष्मदर्शकाखाली परजीवी मोजणारे करेन तंत्रज्ञ, बाळंतपणे करणाऱ्या सुईणी, परिचारिका, दुभाषे, वाहनचालक आणि नोंदवह्या सांभाळणारे लेखनिक हेही तितक्याच अर्थाने संस्थापक आहेत. त्यांतले बहुतेक स्वतः निर्वासित होते.

पहिली सुधारणा अगदी साधी होती. छावणीतल्या प्रत्येक गरोदर स्त्रीने आठवड्यातून एकदा दवाखान्यात यायचे, ताप असो वा नसो. बोटाच्या टोकाला सुई टोचायची, एक थेंब काचपट्टीवर पसरायचा आणि रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. तंत्रज्ञ पांढऱ्या पेशी मोजत जातो आणि त्या ठरलेल्या संख्येला पोहोचेपर्यंत किती परजीवी दिसले ते लिहितो. त्याच टोचणीतून केसासारख्या बारीक नळीत थोडे रक्त घेऊन ते किती पातळ झाले आहे, म्हणजे पंडुरोग किती आहे, तेही पाहायचे. परजीवी सापडला की त्याच दिवशी औषध. यात नवा शोध एकही नव्हता. सूक्ष्मदर्शक जुना, रंग जुना, औषधेही माहितीची. नवे होते ते फक्त आठवड्याचे बंधन.

हे बंधन का घातले गेले, ते नीट समजून घेण्यासारखे आहे. गरोदरपणात प्रतिबंधक गोळ्या देत राहणे हा मलेरियाग्रस्त भागातला प्रचलित उपाय. पण येथे औषधेच निकामी होत होती आणि उरलेल्यांपैकी गरोदरपणात निर्धोक अशी फारच थोडी होती. मग रोग टाळता येत नसेल तर तो बळावण्याआधी पकडायचा, एवढाच मार्ग उरतो. रक्तातल्या परजीवींची संख्या थोड्याच दिवसांत झपाट्याने वाढते, त्यामुळे महिन्यातून एकदा तपासून भागत नाही. म्हणून आठवडा. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या पद्धतीने पाहिलेल्या १,३५८ करेन स्त्रियांची नोंद आहे. त्यांच्यापैकी ३७ टक्के जणींना गरोदरपणात मलेरिया झाला होता. ताप येण्याची वाट पाहिली असती तर त्यांतल्या कितीतरी जणी दवाखान्यात उशिरा पोहोचल्या असत्या. पुढे २५ वर्षांच्या नोंदी एकत्र केल्या तेव्हा निर्वासित स्त्रियांमधील सर्व कारणांनी होणाऱ्या मातामृत्यूंचे प्रमाण दर लाख जिवंत जन्मांमागे १९८६-९० मधील ४९९ वरून २००६-१० मध्ये ७९ वर आलेले दिसले. मलेरियाने होणारे मातामृत्यू तर नियमित तपासणी सुरू होताच झपाट्याने घटले होते.

दुसरी सुधारणा मलेरियाच्या शोधातूनच, पण मलेरियाबाहेर सापडली. छावणीत दोन-तीन महिन्यांची, वरकरणी बाळसेदार मुले अचानक दगावत होती. बाळ अस्वस्थ होई, रडायला तोंड उघडी पण आवाज बसलेला असे, श्वास लागे, हृदय मोठे झालेले आढळे आणि काही तासांत सारे संपे. हा अंगावर पिणाऱ्या बाळांचा बेरीबेरी रोग होता, म्हणजे जीवनसत्त्व ब-१ ची, थायमिनची, कमतरता. शिधा म्हणून मिळणारा पांढराशुभ्र पॉलिश केलेला तांदूळ, बाळंतिणीने पाळायची पथ्ये आणि थायमिन नष्ट करणारे आंबवलेले मासे यांमुळे आईच्याच अंगात हे जीवनसत्त्व कमी पडत होते, मग दुधात कोठून येणार? रोग ओळखता येऊ लागल्यावर उपाय हाताशीच होता. थायमिनची सुई दिली की काही तासांत बाळाचा श्वास पूर्ववत होई. केंद्राच्या नोंदीनुसार सुरुवातीला एकूण अर्भकमृत्यूंपैकी ४० टक्के बेरीबेरीचे होते. निदान आणि उपचार नियमित झाल्यावर अर्भकमृत्यूंचे प्रमाण दर हजार जन्मांमागे १८३ वरून ७८ वर आले. ज्या छावणीत सर्वांचे लक्ष मलेरियावर होते तेथे सर्वाधिक अर्भके एका स्वस्त जीवनसत्त्वावाचून मरत होती, आणि हे कळले ते प्रत्येक मृत्यूचे कारण लिहून ठेवण्याच्या शिस्तीमुळे.

याच दशकात एका मोठ्या आशेचीही परीक्षा झाली. कोलंबियाचे शास्त्रज्ञ मॅन्युएल पातारोयो यांनी तयार केलेल्या 'एसपीएफ-६६' या मलेरियाच्या लशीकडे त्या वेळी साऱ्या जगाचे डोळे लागले होते. शोक्लोतील २ ते १५ वर्षांच्या १,२२१ मुलांवर तिची काटेकोर चाचणी झाली आणि १९९६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : लशीने संरक्षण मिळत नाही. हे अपयश केंद्राच्या इतिहासात लपवण्यासारखे नाही. खोटी आशा लवकर आणि खात्रीने बाजूला सारणे हीदेखील रुग्णांची सेवा आहे. आठवड्याच्या काचपट्टीशेजारी ही चाचणी ठेवून पाहिली की एक गोष्ट लक्षात येते. छावणीत प्राण वाचवण्याच्या कामी त्या दशकात मोठ्या शोधाने काही दिले नाही, बारीक शिस्तीने दिले.

दशकाच्या अखेरीस तिसरी सुधारणा आली. क्लोरोक्विननंतर भिस्त ठेवलेले मेफ्लोक्विनही काही वर्षांतच ढासळू लागले होते. तेव्हा १९९४ पासून छावण्यांत मेफ्लोक्विनच्या जोडीला तीन दिवस आर्टेसुनेटच्या गोळ्या द्यायला सुरुवात झाली. आर्टेसुनेट हे चिनी वनौषधीतून निघालेल्या आर्टेमिसिनिनच्या कुळातले. ते परजीवींचा मोठा भार झटपट उतरवते आणि उरलेल्या थोड्यांना दुसरे औषध संपवते. त्यामुळे औषधाला पुरून उरणारा परजीवी जगण्याची शक्यता कमी होते. शिवाय डासांमार्फत पुढे पसरणारी परजीवीची अवस्थाही घटते.

१९९६ ते २००५ : दुसरे दशक

जानेवारी १९९५ मध्ये करेन संघटनेचे मनेरप्लॉ येथील मुख्यालय पडले. त्यानंतर सीमेपलीकडून छावण्यांवर हल्ले झाले, घरे जळाली. सुरक्षेसाठी थायलंडने छोट्या छावण्या एकत्र करायला घेतल्या. काही वर्षांत शोक्लोही उठली आणि बहुतेक वस्ती मे ला या मोठ्या छावणीत गेली. केंद्राने काम मे ला येथे नेले, मे सोत गावी मुख्य कार्यालय आणि प्रयोगशाळा उभी केली. नाव मात्र शोक्लोचेच ठेवले. स्थलांतराच्या धामधुमीत दोन गोष्टी जपल्या गेल्या : नोंदवह्या आणि आठवड्याची तपासणी. एखादी सुधारणा संस्थेच्या अंगवळणी पडली आहे की नाही, हे जागा बदलल्यावर कळते. येथे ती पडली होती.

मेफ्लोक्विन-आर्टेसुनेटच्या जोडीचा हिशेब २००० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडला गेला. फाल्सिपेरम मलेरियाचे प्रमाण घसरले होते, बरे होणाऱ्यांचे प्रमाण पुन्हा वर गेले होते आणि ढासळत चाललेले मेफ्लोक्विन पुन्हा गुणकारी होऊ लागले होते. आता कोणी विचारील, मलेरिया कमी झाला तो या औषधांमुळेच कशावरून? मच्छरदाण्या आल्या होत्या, जंगल मागे हटत होते, लोक एका जागी स्थिरावले होते. हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे पूर्ण उत्तर कोणत्याही एका छावणीच्या आकड्यांतून मिळणार नाही. पण मच्छरदाणीने किंवा जंगलतोडीने परजीवीची एका विशिष्ट औषधाबद्दलची संवेदनशीलता वाढत नाही. ती वाढलेली प्रयोगशाळेत दिसली, म्हणजे औषधांच्या जोडीचा वाटा निश्चित होता. २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने औषधाला न जुमानणाऱ्या मलेरियासाठी आर्टेमिसिनिनवर आधारित जोडउपचारांची शिफारस केली. त्यामागच्या पुराव्यात बांबूच्या दवाखान्यांतून आलेल्या या नोंदींचा मोलाचा भाग होता.

गरोदर स्त्रियांना नव्या औषधांच्या चाचण्यांतून वगळायचे, असा जगभर रिवाज असतो. त्यामागे काळजी असते, पण परिणाम उलटा होतो : ज्यांना धोका सर्वाधिक त्यांच्यासाठीच माहिती सर्वांत कमी. केंद्राच्या डॉ. रोझ मॅकग्रीडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे प्रत्येक गरोदरपणाची, घेतलेल्या औषधाची आणि जन्मलेल्या बाळाची नोंद ठेवून ही पोकळी भरली. २०१२ मध्ये आलेल्या त्यांच्या विश्लेषणात १९८६ ते २०१० या काळातील १७,६१३ स्त्रियांची माहिती होती. पहिल्या तिमाहीतला मलेरिया, अगदी लक्षणे नसलेलाही, गर्भपाताचा धोका स्पष्टपणे वाढवतो आणि आर्टेसुनेट घेतलेल्यांत तो धोका जुन्या औषधांपेक्षा अधिक दिसत नाही, असे त्यातून पुढे आले. गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीतही आर्टेमिथर-ल्युमेफँट्रिन ही आर्टेमिसिनिनवर आधारित जोडगोळी द्यावी, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये केली. ती इतक्या सावकाश आली, कारण तिला लागणारा पुरावा एकेका नोंदीनेच साठवावा लागला.

२००१ पासून सोनोग्राफी आली. ती करायला तज्ज्ञ डॉक्टर आणणे परवडणारे नव्हते आणि आणला तरी टिकणार नव्हता. म्हणून छावणीतल्याच आरोग्यसेवकांना शिकवण्यात आले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीने दाखवले की गर्भाची मोजमापे ते भरवशाने घेऊ शकतात. याचा लाभ वाटतो त्याहून मोठा. बाळ किती आठवड्यांचे आहे हे नक्की कळले की ते दिवसांआधी जन्मलेले आहे की वाढ खुंटलेले, हे सांगता येते. वार खाली असेल किंवा जुळे असेल तर वेळेवर मे सोतच्या रुग्णालयात हलवता येते. छावणीत सिझेरियनची सोय नव्हती, त्यामुळे वेळेवर हलवणे हाच तिथला मोठा उपचार होता.

याच काळात केंद्राने छावणीबाहेरच्या माणसांकडे वळून पाहिले. शेतांत आणि कारखान्यांत राबणाऱ्या, कागदपत्रे नसलेल्या म्यानमारी मजुरांची संख्या निर्वासितांपेक्षा कितीतरी मोठी होती आणि त्यांना शिधाही नव्हता, दवाखानाही नव्हता. नदीकाठी वांग फा आणि मॉ कर थाई येथे त्यांच्यासाठी दवाखाने सुरू झाले. मे सोतमध्ये डॉ. सिंथिया माउंग यांचे मे ताओ क्लिनिक १९८९ पासून याच लोकांसाठी झटत होते, त्यामुळे सीमेवर सेवेचे एक जाळेच तयार झाले. एवढ्या वर्षांत कामाच्या दिशेबद्दल, साधनांच्या वाटपाबद्दल मतभेद झाले नसतील असे नाही. पण त्या मतभेदांमुळे आठवड्याची तपासणी कधी चुकली नाही, आणि या लेखाला एवढी नोंद पुरेशी आहे.

२००६ ते २०१५ : तिसरे दशक

२००५ पासून अमेरिकेसह अनेक देशांनी या छावण्यांतील निर्वासितांना मोठ्या संख्येने स्थायिक करून घ्यायला सुरुवात केली. इंग्रजी येणारे, शिकलेले आरोग्यसेवक त्यांत आघाडीवर होते. त्यांच्या दृष्टीने ही आयुष्याची संधी होती. दवाखान्यांच्या दृष्टीने अनुभवी हात गमावण्याची वेळ. स्थानिकांना शिकवण्यावर भर देणाऱ्यांना यावरून नेहमी सुनावले जाते की शिकवून उपयोग काय, माणसे निघूनच जातात. त्याला उत्तर असे की प्रशिक्षणाचा क्रमच साधा, लिखित आणि पुन्हा पुन्हा देता येण्याजोगा ठेवला तर एका तुकडीच्या जाण्याने काम कोसळत नाही. थोरला वटवृक्ष पारंब्यांवर उभा असतो, तसे हे दवाखाने दर दोन-चार वर्षांनी नव्या तुकडीवर उभे राहत गेले.

त्याची साक्ष मे ला येथील नवजात बालकांच्या विशेष कक्षाने दिली. २००८ मध्ये कामाला लागलेल्या या कक्षात महागडी श्वसनयंत्रे नव्हती. बाळाला उबदार ठेवणे, आईचे दूध काढून नळीने देणे, जंतुसंसर्गाची चाहूल लागताच प्रतिजैविके सुरू करणे आणि कावीळ झालेल्या बाळाला निळ्या प्रकाशाखाली ठेवणे एवढ्यावर भर होता. या लोकसमूहात जी-६-पीडी नावाच्या विकराची आनुवंशिक कमतरता पुष्कळ आढळते, त्यामुळे नवजात बाळांची कावीळ येथे वारंवार आणि तीव्र होते. वेळीच प्रकाश मिळाला नाही तर ती मेंदूला कायमची इजा करते. कक्ष चालवणारे कर्मचारी स्थानिक होते. २००८ ते २०११ या चार वर्षांत नवजात मृत्यूंचे प्रमाण दर हजार जिवंत जन्मांमागे २१.८ वरून १०.७ वर आले. मराठी वाचकाला याचा अर्थ वेगळा समजावण्याची गरज नाही. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीच्या खेड्यांत स्थानिक स्त्रियांना शिकवून नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटवल्याचा पुरावा १९९९ मध्येच जगापुढे ठेवला होता. देश, भाषा, परिस्थिती सारे वेगळे. निष्कर्ष मात्र एकच.

या दशकात चिंताही वाढली. ज्या आर्टेसुनेटने परिस्थिती सावरली त्याचाच प्रभाव ओसरू लागल्याची चिन्हे दिसली. ३,२०२ रुग्णांच्या नोंदींवरून २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रक्तातील परजीवींची संख्या निम्मी व्हायला लागणारा वेळ २००१ मधील २.६ तासांवरून २०१० मध्ये ३.७ तासांवर गेल्याचे आढळले. तासाभराचा हा फरक एखाद्या रुग्णाकडे पाहून कोणालाच कळला नसता. दहा वर्षे ठरावीक तासांनी काचपट्ट्या पाहिल्या आणि आकडे जपले, म्हणून धोक्याची घंटा वेळेवर वाजली.

२००९ मध्ये केंद्राच्या संशोधनाची छाननी करण्यासाठी ताक प्रांतातील सीमावासीयांचे एक सल्लागार मंडळ स्थापन झाले. कोणता अभ्यास करावा, संमतीपत्रात काय लिहावे, रक्त किती घ्यावे याबाबत लोकांनी प्रश्न विचारावेत, हा त्याचा हेतू. निर्वासितांवर संशोधन होते, हा या केंद्रावरचा सर्वांत गंभीर आक्षेप आहे. त्यात तथ्य आहे. ज्या माणसाला दुसरा दवाखाना नाही त्याची संमती पूर्णतः मोकळी कशी म्हणायची? मंडळ स्थापल्याने हा प्रश्न संपत नाही. तो दर अभ्यासाच्या वेळी नव्याने विचारावा लागतो. पण दुसरी बाजूही तोलली पाहिजे. संशोधनाविना केलेली सेवा या सीमेवर आंधळी ठरली असती. बेरीबेरी ओळखला गेला नसता आणि पडलेले औषध वर्षानुवर्षे दिले गेले असते. येथे नोंद ठेवणे हाच उपचाराचा भाग होता आणि तिचा पहिला लाभ त्याच छावणीतल्या पुढच्या आईला मिळाला. संशोधन न्याय्य ठरवणारी कसोटी हीच असायला हवी.

२०१६ ते २०२६ : चौथे दशक

मे २०१४ मध्ये नदीपलीकडे, म्यानमारच्या करेन राज्यात मलेरिया निर्मूलनाची मोहीम सुरू झाली होती. तिची पद्धत शोक्लोच्या जुन्या कल्पनेचाच विस्तार होती : लवकर शोधा, लगेच उपचार करा. गावातल्याच एका व्यक्तीला झटपट तपासणीची पट्टी आणि गोळ्या द्यायच्या, ताप आल्यास लोकांनी तिच्याकडे जायचे आणि तिने दर आठवड्याला आकडे कळवायचे. एप्रिल २०१७ पर्यंत अशी १,२२२ केंद्रे उघडली. त्यांपैकी ९६५ गावांत, म्हणजे ७९ टक्के ठिकाणी, किमान सहा महिने फाल्सिपेरमचा एकही रुग्ण आढळला नव्हता. ज्या सीमेवर औषधाला न जुमानणारा मलेरिया इतका फैलावला होता तिथेच तो मावळू लागला होता.

फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता हाती घेतली. करेन राज्यात पुन्हा युद्ध पेटले, गावे उठली, औषधांचा पुरवठा तुटला, लोक जंगलात आणि नदीकाठी आश्रयाला आले. काही वर्षांत सीमेच्या दोन्ही बाजूंना मलेरियाने पुन्हा डोके वर काढले. त्यातही आता व्हायव्हॅक्स जातीचे प्रमाण मोठे आहे. हा परजीवी यकृतात दडून राहतो आणि महिन्यांनंतर पुन्हा उठतो. त्याला मुळातून काढणारे औषध जी-६-पीडीची कमतरता असलेल्याला घातक ठरू शकते, म्हणून आधी तपासणी करावी लागते. पुन्हा एक लहान सुधारणा, पुन्हा एक बोट टोचणे.

येथे सर्वांत कठीण आक्षेप समोर येतो. मूळ दुखणे युद्ध आणि विस्थापन असताना काचपट्ट्या आणि गोळ्यांनी काय होणार? एका लढाईने पाच वर्षांची कमाई पुसली जात असेल तर या सुधारणांना कायमचा आधार कोणता? आक्षेपाचा पहिला भाग मान्यच करावा लागेल. दवाखाना युद्ध थांबवू शकत नाही आणि तसा दावा कोणी केलेलाही नाही. पण मलेरिया परतला म्हणून आधीचे काम वाया गेले, हा निष्कर्ष चुकीचा आहे. जी आई १९८८ मध्ये वाचली तिची मुले आज चाळिशीला आली आहेत, तो लाभ कोणत्याही लढाईने परत घेता येत नाही. बांगलादेश युद्धाच्या वेळी, १९७१ मध्ये, बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे पाणी पाजून पटकीचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आणले. त्या पाण्याने युद्ध थांबले नाही, पण त्यानंतर जगभरात लाखो मुले वाचली. मूळ कारणाचे राजकारण आणि आजच्या रुग्णाचा उपचार ही दोन वेगळी कर्तव्ये आहेत, आणि पहिले साधत नाही म्हणून दुसरे टाळणे कोणत्याही न्यायात बसत नाही.

आजचे काम आणि पुढची जबाबदारी

आज केंद्राचे काम मलेरियापुरते उरलेले नाही. बाळंतपण, नवजात बालके, क्षयरोग, लसीकरण, जंतूंचा अभ्यास असे ते विस्तारले आहे. मे ला छावणीत नाकातून घेतलेल्या नमुन्यांतील ३,०८५ न्यूमोकोकस जंतूंची जनुकीय रचना २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली आणि हे जंतू प्रतिजैविकांना कसे चुकवतात याच्या अभ्यासाला तिने आधार दिला. पण विस्ताराच्या या यादीपेक्षा महत्त्वाचा एक प्रश्न २०२५ ने समोर उभा केला.

त्या वर्षाच्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत अचानक थांबवली आणि या सीमेवरच्या छावण्यांतील तिच्यावर चालणारे दवाखाने बंद पडले. रुग्णांना घरी किंवा थायलंडच्या सरकारी रुग्णालयांत पाठवावे लागले. लहान सुधारणा स्वस्त असते, पण फुकट नसते. तिला रोज थोडा पैसा आणि रोज माणूस लागतो. जो पैसा दूरच्या राजधानीत एका सहीने थांबतो त्यावर आठवड्याची शिस्त उभी राहू शकत नाही. चाळीस वर्षांच्या अनुभवातून आणखी एक, चौथी अट पुढे येते : खर्चाची जबाबदारी जितकी जवळच्यांकडे, तितकी सुधारणा टिकाऊ. ऑगस्ट २०२५ मध्ये थायलंड सरकारने छावण्यांतील निर्वासितांना कायदेशीर काम करण्याची परवानगी देण्याचा निर्णय घेतला. चार दशके कुंपणाआड राहिलेल्या माणसाला कमाईची वाट मिळाली, तर उद्या आरोग्यविम्याची आणि सरकारी रुग्णालयाची वाटही मिळू शकेल, आणि दवाखान्याचा भार केवळ देणग्यांवर राहणार नाही.

म्हणून या वर्धापनाच्या निमित्ताने केंद्राच्या हितचिंतकांकडे मागणे तीन गोष्टींचे आहे. एक, आठवड्याच्या तपासणीचा खर्च कोणत्याही प्रकल्पाच्या मुदतीला न बांधता कायमचा राखून ठेवावा. दोन, सीमेवर शिकलेल्या आरोग्यसेवकांच्या कौशल्याला थायलंडमध्ये आणि म्यानमारमध्ये अधिकृत मान्यता मिळवून द्यावी. चाळीस वर्षे बाळंतपणे करणाऱ्या हातांना प्रमाणपत्र नसणे हा अन्याय आहे. तीन, नोंदवह्यांचा हा ठेवा करेन आणि बर्मी भाषांत त्याच लोकांसमोर ठेवावा, ज्यांच्या रक्ताच्या थेंबांतून तो उभा राहिला. संस्थापकांनी आणि कार्यकर्त्यांनी मोठे इमले बांधले नाहीत. त्यांनी एक पद्धत बांधली. ती चालू ठेवणे पैशाने, कायद्याने आणि मनुष्यबळाने आजही शक्य आहे, आणि शक्य असलेले जीवदान न देण्याला कोणतेही समर्थन पुरत नाही.